गाय धूर सोडत नाही, तरी हवा कशी तापते?

मे महिन्यात दोन दिवस मावशीकडे होतो. तिचं गाव सांगोला तालुक्यात, घर वस्तीवर आणि घराला लागूनच गोठा. तीन दुभत्या संकरित गायी, एक भाकड, एक कालवड. संध्याकाळच्या धारा उरकल्या, किटल्या डेअरीवर पोचल्या, फॅट-डिग्री लागली, चिठ्ठी हातात आली. परत येताना मी सहज म्हणालो, की दूध आणि मटणामुळे जगाची हवा तापते असं शास्त्रज्ञ सांगतात. मावशी चालता चालता थांबली. "आरं, गाय काय फटफटी हाय व्हय, धूर सोडाया?"

तिचा प्रश्न रास्त होता आणि माझं उत्तर त्या रात्री अर्धवटच राहिलं. हा लेख म्हणजे ते उत्तर नीट देण्याचा प्रयत्न आहे.

गाय धूर सोडत नाही, ती ढेकर देते. खरी गोम तिथे आहे. गवत, कडबा, भुसा यांत जो चिवट भाग असतो त्याला सेल्युलोज म्हणतात. तो माणसाला पचत नाही आणि खरं तर गाईच्या स्वतःच्या पाचकरसांनाही पचत नाही. ते काम तिच्या पोटातले सूक्ष्मजीव करतात. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा, ज्याला जनावरांचे डॉक्टर रुमेन म्हणतात, तो मोठ्या गाईत शंभर लिटरपेक्षाही जास्त मावेल एवढा असतो. तिथे हवा नसते, ऊब असते, आणि अब्जावधी जीवाणू कडबा आंबवत असतात. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं, तसं हे दिवसरात्र चालू असतं. या आंबण्यातून गाईला तिची ऊर्जा मिळते, पण त्याचबरोबर हायड्रोजनही तयार होतो. तो साठला तर आंबवण्याची क्रिया मंदावेल. म्हणून सूक्ष्मजीवांचा आणखी एक गट तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतो. हा वायू मुख्यतः तोंडावाटे बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. मावशी चाळीस वर्षं गोठ्यात वावरते आणि तिला तो कधी जाणवला नाही, यात नवल काही नाही.

एक गोष्ट शेतकऱ्याच्या कामाची आहे. गाय जेवढी ऊर्जा खाते तिच्यातली साधारण सहा-सात टक्के या ढेकरांतून निघून जाते. म्हणजे मिथेन ही हवेची तक्रार तर आहेच, शिवाय ते विकत घेतलेल्या पेंडीचं नुकसानही आहे.

आता फटफटीशी तुलना करून पाहू. आपल्याकडच्या दुभत्या गाई-म्हशीसाठी वर्षाला साधारण ४० ते ६० किलो मिथेन धरतात. युरोप-अमेरिकेतल्या धिप्पाड, भरपूर खाणाऱ्या गाईचा आकडा शंभर किलोच्या वर जातो. आपण ५० किलो धरू. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन साधारण २८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. म्हणजे ५० किलोचे झाले १४०० किलो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भागाकार केला तर सहाशे लिटर पेट्रोल. लिटरला पन्नास देणारी फटफटी धरली तर तीस हजार किलोमीटर. वस्तीवरून बाजाराला जा-ये करणाऱ्या माणसाची गाडी एवढं अंतर दोन-तीन वर्षांत कापेल. मावशीची एक गाय वर्षभरात ते कापते, आणि तेही दावणीला बांधून.

पण हा हिशेब इथेच सोडला तर तो गाईवर अन्याय होईल.

पेट्रोलचा कार्बन आणि गाईचा कार्बन एक नाहीत. पेट्रोल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेलं होतं. आपण ते वर काढून जाळतो आणि त्याचा कार्बन हवेत नव्याने भर घालतो. गाईच्या ढेकरातला कार्बन गवताने गेल्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो. शिवाय मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, मग त्याचं विघटन होतं. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं हटत नाही.

दोन रांजण डोळ्यांसमोर आणा. एक गळका आहे, एक धड. गळक्या रांजणात रोज तेवढंच पाणी ओतलं तर पातळी एका उंचीवर येऊन थांबते, कारण खालून तेवढंच झिरपत असतं. हा मिथेनचा रांजण. धड रांजणात रोज तांब्याभर जरी ओतलं तरी पातळी चढतच जाते. तो कार्बन डायऑक्साइडचा. म्हणून जगातली गुरांची संख्या आणि त्यांचा मिथेन वर्षानुवर्षं तेवढाच राहिला, तर त्यातून होणारी तापमानवाढ एका पातळीला थबकते. अडचण अशी, की ओतणारे हात वाढत आहेत. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या शंभर कोटी भागांत सातशेच्या आसपास भाग मिथेन होता, आज तो १९०० च्या पुढे गेला आहे. त्यात भातशेती, कोळशाच्या खाणी, नैसर्गिक वायूच्या गळत्या, कचऱ्याचे डेपो असे अनेक वाटेकरी आहेत, पण माणसाच्या उद्योगांपैकी गुरं हा सर्वांत मोठ्या वाटेकऱ्यांतला एक. आणि मिथेन हवेत असेपर्यंत भारी पडतो. वीसच वर्षांचा हिशेब केला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट प्रखर निघतो.

याच गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. गळक्या रांजणात ओतणं थोडं कमी केलं तर पातळी लगेच उतरू लागते. कार्बन डायऑक्साइड कमी करण्याचं फळ नातवंडं बघतील, मिथेन कमी केल्याचं फळ आपण बघू शकतो.

एक लिटरमागे किती?

भारत जगात सर्वांत जास्त दूध काढणारा देश आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध निघालं. या मागे आहे १९६५ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, १९७० मध्ये सुरू झालेली दुधाची महापूर योजना, डॉ. वर्गीस कुरियन आणि लाखो बायाबापड्यांची पहाटेची मेहनत. आपल्याकडे उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था सुरू करून संकरित गाय कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात नेली. या कामाचा मला अभिमान आहे आणि पुढचं सगळं तो अभिमान बाजूला न ठेवता लिहितो आहे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. एवढी जनावरं आणि एवढं दूध, तरी जनावरामागे दूध कमीच. सरकारी आकडेवारीत संकरित गाय दिवसाला सरासरी साडेआठ लिटरच्या आसपास देते, गावठी आणि देशी गाय साडेतीन लिटरच्या आसपास. देशाच्या एकूण हरितगृह वायूंत शेतीचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग या रवंथ करणाऱ्या पोटांतून येतो.

दोन गोठे कल्पा. दोन्हीकडे वर्षाला साडेचार हजार लिटर दूध निघतं. पहिल्यात एकच गाय आहे, चांगली खाऊपिऊ घातलेली, तीनशे दिवस पंधरा-पंधरा लिटर देणारी. ती जास्त खाते म्हणून तिचा मिथेनही जास्त, वर्षाला ९० किलो धरू. दुसऱ्यात तीन गायी आहेत, प्रत्येकी पाच लिटरच्या, आणि प्रत्येकीचा मिथेन ५० किलो. एकूण दीडशे. दूध तेवढंच, मिथेन दीडपटीहून जास्त. कारण उघड आहे. गाय जे खाते त्यातला मोठा भाग तिला जिवंत राहायलाच लागतो. दूध एक लिटर द्या की पंधरा, हा घरभाड्यासारखा खर्च चुकत नाही, आणि तीन गायींचं घरभाडं तिप्पट.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१० मध्ये याचा जागतिक हिशेब मांडला होता. जगाची सरासरी आली एक किलो दुधामागे २.४ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी. उत्तर अमेरिका आणि युरोप त्याच्या जवळपास निम्म्यावर, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेची आफ्रिका ७.५ वर. म्हणजे गरीब शेतकऱ्याचं जनावर कमी खातं, कमी घेतं, कमी सोडतं, आणि तरी लिटरच्या हिशेबात तोच जास्त दोषी दिसतो. हा आकडा वाचताना मला नेहमी थोडं थांबावंसं वाटतं. आटपाडी-माणकडचा खिलार बैल नांगर ओढतो, गाडी ओढतो, शेण देतो, कडब्यावर आणि माळावर जगतो. त्याच्या आईने दिलेल्या चार लिटर दुधावर कुटुंबातल्या सगळ्या जनावरांचा मिथेन लादायचा का? ट्रॅक्टर आल्यापासून ती बैलाची बाजू हिशेबातून निघून गेली, आणि गाय फक्त लिटरवर मोजली जाऊ लागली. जिथे बैल अजून काम करतो तिथे त्याचं काम मोजलंच पाहिजे, असं माझं मत आहे. पण मावशीच्या गोठ्यात बैल नाही. तिच्या गायी दुधासाठीच आहेत, आणि तिथे लिटरचा हिशेबच खरा.

भाकड दिवस

तिच्या गोठ्यातली चौथी गाय दीड वर्षापासून भाकड आहे. तीनदा भरवली, तिन्हीदा उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही. गाई पाळणाऱ्याला यातलं दुःख सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. गाय विण्याआधी दूध देत नाही. व्याली की नऊ-दहा महिने देते, मग आटते, मग पुन्हा वेत. दोन वेतांमधलं अंतर तेरा-चौदा महिन्यांचं राहिलं तर गोठा चालतो. गाय माजावर, म्हणजे गाभण राहायच्या तयारीत, आलेली कळली नाही, किंवा भरवून राहिली नाही, की पुढचा माज एकवीस दिवसांनी. असे चार-पाच माज हुकले की अंतर दीड वर्षावर जातं. त्या सगळ्या दिवसांत ती खाते, रवंथ करते, ढेकर देते आणि दूध शून्य. वरच्याच आकड्याने मोजलं तर एक हुकलेला माज म्हणजे जवळपास तीन किलो मिथेन, अंदाजे ३५ लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. वर एकवीस दिवसांचा चारा अंगावर पडतो तो वेगळाच.

वातावरणबदलावरच्या मोठमोठ्या चर्चांत ही गोष्ट क्वचित ऐकू येते, पण माझ्या मते आपल्या देशात सर्वांत स्वस्त उपाय इथेच दडला आहे. गाय वेळेवर गाभण न राहण्यामागे बऱ्याचदा साधी कारणं असतात. आहारात खनिजं कमी, वाळक्या चाऱ्याचा मारा, पोटात जंत, उन्हाचा ताण, माज ओळखायला घरात कुणी नाही. संकरित गाईला आपला उन्हाळा मानवत नाही, एप्रिल-मेमध्ये ती मुका माज दाखवते, म्हणजे बाहेरून खूण दिसत नाही, आणि तो हुकतो. खनिज मिश्रण, वेळेवर जंतनाशक, गोठ्यावर सावली, प्यायला चोवीस तास पाणी, यांत नवीन तंत्रज्ञान काही नाही.

साथीचे रोग हा असाच दुसरा मुद्दा. २०२२ मध्ये महाराष्ट्रात गुरांचा लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा गेलेल्या जनावरांचं दुःख सगळ्यांना दिसलं. वाचलेल्या गायींचं दूध आटलं, गाभ गेले, ते मागे राहिलं. आजारी जनावरही रवंथ करतंच. लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर टोचणं हेसुद्धा हवेच्या भल्याचं काम आहे.

आणि गोऱ्हे, म्हणजे नर वासरं. संकरित गोऱ्ह्याला नांगराला कुणी जुंपत नाही, महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. या कायद्याच्या धार्मिक-राजकीय वादात मी इथे जात नाही. पण पर्यावरणाच्या हिशेबात त्याचा अर्थ सरळ आहे, की जनावर कामाचं नसलं तरी त्याचं खाणं आणि ढेकर देणं चालू राहतं, आणि तो भार कुणाच्या तरी दुधावर पडतो किंवा रस्त्यावर मोकाट फिरतो. म्हणून कालवडीच जन्माव्यात यासाठी लिंगनिर्धारित रेतमात्रा आता सरकारी योजनेतून मिळू लागल्या आहेत. नको असलेलं जनावर जन्मालाच न येणं, हा मला त्यातल्या त्यात सर्वांना पटेल असा मार्ग वाटतो.

शेण कुठे जातं?

शेण उकिरड्यावर मोकळ्या हवेत सुकलं तर त्यातून मिथेन थोडाच निघतो. पाण्यात मिसळून खोल खड्ड्यात साठवलं, की हवा बंद होते आणि गाईच्या पोटात जे चालतं तेच खड्ड्यात सुरू होतं. परदेशातल्या हजार-हजार गायींच्या गोठ्यांत अशी तळीच असतात. त्याशिवाय शेण-मूत्रातल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड निघतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींहून प्रखर. आणि नत्र पाण्यात उतरलं की विहिरी खराब होतात. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये न्यायालयाने नत्राच्या प्रदूषणावरून सरकारला धारेवर धरलं, सरकारने गुरं कमी करण्याचा विषय काढला आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. इवलासा देश, पण गुरांची दाटी प्रचंड.

आपल्याला हे नवीन नाही. मुंबईत तबेल्यांची गर्दी वाढली म्हणून दूध आयुक्त दारा खुरोडींच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. तरीही शहरात तबेले राहिले आणि दहिसर, पोयसर या नद्यांत वर्षानुवर्षं शेण वाहत आलं. खेड्यात जे शेण खत असतं, ते शहरात घाण ठरतं. शेण तेच, त्याच्या आजूबाजूला शेत आहे की नाही एवढाच फरक.

धनगर हे शतकानुशतकं जाणतात. मेंढरांचा कळप रात्री शेतात बसवायचा, लेंड्या-मूत जिथल्या तिथे जमिनीत, बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे. खत वाहून न्यायचं नाही, साठवायचं नाही. आणि गोबरगॅस असेल तर शेणातला मिथेन चुलीत जळतो, लाकूड वाचतं, धूर जातो, उरलेली मळी शेताला. मावशीकडे गोबरगॅस होता, टाकीला तडा गेला, दुरुस्तीला माणूस मिळेना, आणि सिलिंडर आला. असे बंद पडलेले गोबरगॅस गावोगाव दिसतात. नवे बांधण्याइतकंच जुने चालू करण्याला अनुदान मिळालं तर मला आनंद होईल.

पाणी, म्हणजे चारा

एक लिटर दुधाला जवळपास हजार लिटर पाणी लागतं, हा आकडा तुम्ही कुठेतरी वाचला असेल. जागतिक सरासरी म्हणून तो बरोबर आहे. गाय एवढं पीत नाही. दुभती संकरित गाय दिवसाला साठ-ऐंशी लिटर पिते. बाकीचं पाणी तिच्या चाऱ्याने प्यायलेलं असतं. जगभरात त्यातलं ८५ टक्क्यांच्या आसपास पाणी पावसाचं, जे त्या जमिनीवर तसंही पडणार होतं.

म्हणून पाणी किती यापेक्षा ते कुठून आलं हे विचारलं पाहिजे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाच्या ओलीवर ज्वारी येते. कणीस माणसाला, कडबा जनावराला. त्या कडब्यासाठी वेगळं पाणी कुणी दिलेलं नसतं. उसाचं वाढं, गव्हाचा भुसा, भुईमुगाचा पाला, तुरीचं भुसकट, सरकीची पेंड, माणूस खाऊ शकत नाही अशा गोष्टींचं दूध करणं ही गाईची खरी किमया आहे, आणि जगात तिला तोड नाही. पण ज्वारी कमी झाली, कडबा महागला. संकरित गाईला हिरवा चारा हवा, म्हणून हत्तीगवत आणि मका लावला, आणि त्याला पाणी बोअरचं. सांगोल्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे उन्हाळ्यात आठशे फुटांवरून उपसलेल्या पाण्यावर वाढलेलं गवत दूध होऊन टँकरने पुण्या-मुंबईला जातं. म्हणजे दुष्काळी तालुका शहराला पाणीच पाठवत असतो, फक्त पांढऱ्या रंगाचं. २०१८-१९ च्या दुष्काळात याच पट्ट्यात चारा छावण्या लागल्या तेव्हा तो हिशेब सर्वांसमोर आला.

मावशीने गेल्या वर्षी पावसाळी मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करून ठेवला. पावसाच्या पाण्यावरचं हिरवं उन्हाळ्यात खाऊ घालता येतं. हे छोटं पाऊल नाही.

मटण, चिकन आणि पनीर

आता मांसाकडे. भारतात मांस सरासरी माणशी वर्षाला सात किलोच्या आसपास पडतं. जगाची सरासरी चाळीस किलोच्या पुढे, अमेरिकेत शंभरच्या वर. देशातल्या मांसातलं जवळपास निम्मं कोंबडीचं. त्यामुळे आपल्या देशात या विषयाचा गाभा दूध आहे, मांस नव्हे. जगात मात्र बीफ हा सर्वांत जड पदार्थ आहे. ऑक्सफर्डचे जोसेफ पूर आणि स्वित्झर्लंडचे थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या ३८ हजारांहून जास्त शेतांची माहिती एकत्र करून हिशेब मांडला. खास मांसासाठी वाढवलेल्या गुरांचं एक किलो मांस म्हणजे जागतिक सरासरीने शंभर किलोच्या जवळ कार्बन डायऑक्साइड. मेंढी-बकरीचं चाळीसच्या आसपास, चीज चोवीस, कोंबडी दहा, अंडी पावणेपाच, वाटाणा एक. बीफच्या आकड्यात फक्त ढेकर नाहीत, तोडलेली जंगलंही आहेत. ॲमेझॉनमध्ये साफ केलेल्या जमिनीचा बहुतांश भाग आज गुरांच्या कुरणाखाली आहे.

कोंबडीचा आकडा कमी, कारण ती रवंथ करत नाही आणि दीड-पावणेदोन किलो खाद्यात एक किलो वाढते. पण ते खाद्य मका आणि सोयापेंडीचं, म्हणजे शेतात पिकवलेलं. जगातल्या सोयाबीनचा तीन चतुर्थांश भाग जनावरांच्या तोंडी जातो. लातूरच्या सोयाबीनचं तेल आपल्या कढईत येतं आणि पेंड कोंबडीच्या गव्हाणीत. उस्मानाबादी शेळीचं वेगळं. ती बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला खाऊन माळावर वाढते. तिचा मिथेन किलोमागे जास्त, पण तिने कुणाच्या ताटातलं धान्य घेतलेलं नाही. एकच आकडा सगळं सांगत नाही तो असा.

शाकाहारी घरांत एक समजूत असते की हा विषय आपला नाही. मीही तसाच वाढलो. पण एक किलो पनीरला पाच-सहा लिटर गाईचं दूध लागतं. दुधाचा जागतिक आकडा धरून गुणाकार केला तर ते कोंबडीच्या पुढे जातं. तूप आणखी पुढे, म्हशीच्या दुधाचं किलोभर तूप करायला पंधराएक लिटर. अर्थात मागे उरलेल्या दुधाचं ताक होतं, पावडर होते, त्यामुळे सगळा भार तुपाच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही. तरीही लग्नाच्या पंगतीत पनीरच्या तीन भाज्या आणि त्यातलं निम्मं पानात टाकलेलं दिसलं, की मला मावशीच्या गोठ्यातली पहाट आठवते. उसळ, पिठलं, आमटी, भाकरी हे आपलं रोजचं जेवण या हिशेबात जगातल्या सर्वांत हलक्या जेवणांपैकी आहे. ते गरिबीचं लक्षण मानून आपण त्याच्यापासून दूर पळतो आहोत.

हे कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हेही स्पष्ट असावं. ज्या घरात मुलाला आठवड्यातून एकदा अंडं आणि चहापुरतं दूध मिळतं, त्या घराला कमी खा म्हणायचा कुणालाही अधिकार नाही. तिथे दूध-अंडी वाढलीच पाहिजेत. प्रश्न त्या ताटांचा आहे जिथे आधीच जास्त आहे, पुण्यात असोत की न्यू जर्सीत.

औषध आहे का?

ढेकरांवर संशोधन जोरात चालू आहे. एक लाल समुद्री शेवाळ चाऱ्यात चिमूटभर मिसळलं तर काही चाचण्यांत मिथेन ऐंशी टक्क्यांहून जास्त घटला. युरोपात मान्यता मिळालेली एक पावडर दुभत्या गाईत तीसेक टक्के घट देते. आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलं, त्याने १७ ते २० टक्के घट होते असं संस्था सांगते. अडचण सगळीकडे एकच. हे रोज खाऊ घालावं लागतं आणि त्याचा खर्च कुणी करायचा? २०२४ मध्ये गाईच्या दुधाला चाळीस रुपये दर मागायला शेतकरी रस्त्यावर आले होते. त्यांना हवेसाठी पावडर विकत घ्या म्हणणं शोभत नाही.

डेन्मार्कने २०३० पासून जनावरांच्या वायूंवर कर ठरवला आहे. न्यूझीलंडनेही तसा विचार केला होता, २०२४ मध्ये तो मागे घेतला. मिथेन तीस टक्के घटवण्याच्या २०२१ च्या जागतिक करारावर भारताने सही केली नाही, आणि छोट्या शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा मुद्दा पुढे केला. मला ती भूमिका पटते. पण सही न करणं आणि काहीच न करणं यात फरक आहे. दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. जनावराचं वजन, दूध, घरात असलेला चारा बघून काय किती घालायचं ते सांगायचं. यात दूध वाढलं, खर्च घटला आणि लिटरमागचा मिथेनही उतरला. असं काम गावोगाव पोचावं, दवाखान्यात डॉक्टर असावा, रेतन करणारा वेळेवर यावा. कर लावण्याआधी एवढं तरी झालं पाहिजे.

मावशीला हे सगळं एका दमात सांगता आलं नाही. मी तिला फक्त त्या भाकड गाईचं सांगितलं, की ती रिकामी राहते तेवढे दिवस तिचा मिथेन बाकी तिघींच्या दुधावर चढतो. ती म्हणाली, "तिघींच्या दुधावर चढतो का न्हाई ठाऊक न्हाई, माज्या डोक्यावर तर चढलाच हाय." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी गर्भाशय तपासलं, जंताचं औषध दिलं, खनिज मिश्रण रोज पन्नास ग्रॅम घालायला सांगितलं आणि दुपारी गाय कडुलिंबाखाली बांधायला लावली.

पाऊस पडून रान हिरवं झाल्यावर तिचा फोन आला. आधी पावसाचं बोलली, मग कालवडीचं, मग म्हणाली, "आज सकाळी माजावर आली. चौथ्यांदा भरवली हाय. आता एकवीस दिसांनी कळंल."